बेलिफाचा मुलगा

संपादकांचे पत्र आले तेव्हा मी सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. 'यंदा गोष्ट नको, एखाद्या पुस्तकाविषयी लिहा,' असा त्यांचा आग्रह. खरे सांगायचे तर समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. मी कादंबऱ्या लिहिते, आणि पोटासाठी चिंचवडच्या एका लहानशा शाळेत मुलांना शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तेव्हा ज्या पुस्तकाला मी वर्षानुवर्षे मनातल्या मनात प्रश्न विचारीत आले, त्याच पुस्तकाविषयी चार शब्द लिहावेत असे ठरवले. ते पुस्तक म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ'.

हे आत्मचरित्र 1984 साली प्रसिद्ध झाले. 'जडण-घडण', 'वैचारिक आंदोलन' आणि 'निवड' असे त्याचे तीन भाग आहेत. 1913 साली देवराष्ट्रे या गावी झालेल्या जन्मापासून ते सुरू होते आणि 1946 साली संसदीय चिटणीस म्हणून लेखक कऱ्हाड सोडून मुंबईस निघतो, तिथे ते थांबते. पुढे मुंबईच्या समुद्रकाठावरचा एक आणि दिल्लीच्या यमुनाकाठावरचा एक, असे आणखी दोन खंड लिहिण्याचा त्यांचा मनोदय होता. परंतु 1 जून 1983 रोजी वेणूताई गेल्या, आणि 25 नोव्हेंबर 1984 रोजी यशवंतरावही गेले. ते दोन खंड लिहायचे राहून गेले.

ही गोष्ट साधी वाटते, पण नीट पाहा. या गृहस्थांनी 1952 साली मुंबई राज्यात मंत्रिपद घेतले. 1956 साली ते द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झाले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. नोव्हेंबर 1962 मध्ये चीनच्या आक्रमणाने देश हादरला असताना संरक्षणमंत्री म्हणून त्यांना दिल्लीस बोलावणे आले. त्यानंतर गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती, आणि 1979 साली काही महिने उपपंतप्रधानपद. वकिलाचा मंत्री झाला, त्याची ही अडतीस वर्षांची वाट. 'कृष्णाकाठ'मध्ये तिच्यातले एक पाऊलही नाही. वकील आहे, मंत्री नाही. उंबरठ्यापर्यंत हात धरून नेणारा माणूस उंबरठ्यावरच आपला हात सोडतो.

मग या पुस्तकावरून मंत्र्याचा अदमास बांधता येईल काय? माझ्या मते येईल. तोच प्रयत्न मी येथे करणार आहे.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करते. पुस्तकाचे कौतुक करताना बहुतेक जण आईपासून सुरुवात करतात, आणि ते रास्तच आहे. विठाबाई ही या पुस्तकातली सर्वांत सजीव व्यक्तिरेखा. अवघड बाळंतपणात आजीने सागरोबाला साकडे घातले, त्याने यश दिले म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवले. तिथपासून ती आपल्या मनात घर करते. वडील बळवंतराव मात्र चटकन निघून जातात. प्लेगात ते वारले तेव्हा लेखक अगदी लहान होता. त्यांच्याविषयी आपल्या लक्षात राहते ते एवढेच, की ते कोर्टात बेलिफ होते.

बेलिफ म्हणजे कोण, हे नव्या वाचकांना सांगायला हवे. कोर्टाचे समन्स, नोटीस, जप्तीचा हुकूम घेऊन जो दारात येतो तो बेलिफ. हुकूम त्याचा नसतो, कायदा त्याचा नसतो, पगारही बेताचाच असतो. पण ज्याच्या दारात तो उभा राहतो त्याच्या लेखी सरकार म्हणजे तोच. अशा माणसाचा मुलगा पुढे त्याच कोर्टाच्या गावी वकील झाला, आणि त्याही पुढे ज्या कायद्यांच्या नोटिसा निघतात ते कायदे करणारा झाला. दारात उभा राहणारा, बाजू मांडणारा आणि कायदा लिहिणारा, अशा तीन पायऱ्या एका घराने दोन पिढ्यांत चढल्या. मंत्र्याने आपले चरित्र पुढे लिहिले असते, तर या तीन पायऱ्यांचा मेळ त्यानेच आपल्याला घालून दिला असता असे मला नेहमी वाटते.

आता त्या प्रसिद्ध प्रसंगाकडे वळू. 1932 साली शाळकरी यशवंतरावांना सत्याग्रहात पकडले गेले. त्यांचे गुरुजी आईला घेऊन चौकीवर आले. माफी मागितली तर पोरगा सुटेल, असे त्या भल्या माणसाने सुचवले. आईने माफीचे नावही काढू दिले नाही; प्रकृतीला जप एवढे सांगून ती माघारी गेली. मुलाला अठरा महिन्यांची सजा झाली. हा प्रसंग चार जणांना लिहायला दिला तर तीन जण त्यात अश्रूंचा पूर आणतील. यशवंतरावांनी तो कोरड्या डोळ्यांनी लिहिला आहे, आणि म्हणूनच वाचणाऱ्याचे डोळे ओले होतात. गोष्ट सांगणाऱ्याने मध्ये मध्ये येऊ नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. या राजकारणी माणसाला तो न शिकवता येत होता.

पुस्तकाचा दुसरा मोठा गुण म्हणजे दुसऱ्याची बाजू ऐकून घेण्याची सवय. 1929 साली लाहोरच्या तुरुंगात त्रेसष्ट दिवस उपोषण करून यतींद्रनाथ दास गेले. तो बंगाली तरुण कऱ्हाडच्या या पोराला पूर्ण अनोळखी, पण त्याच्या मृत्यूने पोराच्या मनात कालवाकालव केली. पुढे मानवेंद्रनाथ रॉय या दुसऱ्या बंगाली माणसाच्या विचारांनी त्यांना ओढले. काही काळ ते रॉय यांच्या बाजूला झुकले, आणि महायुद्धाच्या प्रश्नावर त्यांच्यापासून दूर झाले. घरात थोरले बंधू गणपतराव सत्यशोधक विचारांचे. धाकटा काँग्रेसच्या वाटेचा. या सगळ्या ठिकाणी लेखक आधी दुसऱ्याचे म्हणणे मांडतो, त्यातले खरे काय ते कबूल करतो, आणि मग आपण वेगळी वाट का धरली ते सांगतो. विरोधकाला मूर्ख ठरवून स्वतःला शहाणे ठरवण्याचा सोपा मार्ग तो कुठेही घेत नाही.

पुण्याच्या लॉ कॉलेजातून 1941 साली ते वकील झाले आणि कऱ्हाडात वकिली सुरू केली. 2 जून 1942 रोजी फलटणच्या वेणूताईंशी लग्न झाले, आणि ऑगस्टमध्ये चळवळ उभी राहताच ते भूमिगत झाले. म्हणजे सलग वकिली जेमतेम वर्षभराची. परंतु वकिलीचा तो पिंड त्यांच्या गद्यात अखेरपर्यंत टिकला आहे. नेमके सांगायचे तर ते गद्य वकिलापेक्षा न्यायाधीशाचे अधिक आहे. वकील एकाच बाजूने बोलतो, हा लेखक दोन्ही बाजूंनी बोलतो.

आणि इथेच माझी पहिली तक्रार आहे. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो हे खरे. पण शेवटी त्याला निकाल द्यावा लागतो. 'कृष्णाकाठ'मध्ये निकाल फार सौम्य लागतात. मी पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले, पण मला त्यात खरा अपराधी माणूस सापडला नाही. प्रत्येकाला काही तरी कारण आहे, प्रत्येकाची काही तरी अडचण आहे. तरुणपणी ज्यांच्याशी कडाक्याचे मतभेद झाले त्यांनाही सत्तरीतला लेखक पानसुपारी देऊन निरोप देतो. हे मोठेपण आहे, पण कादंबरी लिहिणाऱ्या बाईला त्यात काही तरी कमी वाटते. माणूस कधी तरी रागाने लाल झाला असेल, कुणाविषयी तरी त्याच्या मनात सल राहिला असेल, की नाही?

1943 च्या संक्रांतीला वेणूताईंना अटक झाली. लग्नानंतरची ती त्यांची पहिली संक्रांत. नवरा भूमिगत, त्याचा ठावठिकाणा लागत नाही म्हणून बायकोला तुरुंगात नेले. त्याच वर्षी थोरले बंधू ज्ञानोबा वारले. पुढे वेणूताई आजारी पडल्या, त्यांना भेटायला यशवंतराव फलटणला आले आणि तिथेच पकडले गेले. लेखकाला या साऱ्याची टोचणी आहे, ती लपत नाही. परंतु त्या नव्या नवरीच्या मनात त्या रात्री काय चालले असेल, ते तिच्या तोंडून आपल्याला कळत नाही. ज्याला सर्वांच्या बाजू ऐकू येतात, त्याच्या पुस्तकात सर्वांत जवळच्या माणसाची बाजूच अपुरी राहावी, हे मला या पुस्तकाचे मोठे उणे वाटते. माझ्यासारख्या वाचक बायकांना ते अधिक जाणवेल.

आता हाच स्वभाव घेऊन हा माणूस मंत्री झाला अशी कल्पना करा. कल्पना कशाला, तसा तो झालाच. पुढे त्यांच्या राजकारणाला लोकांनी 'बेरजेचे राजकारण' असे नाव दिले. पुस्तक वाचल्यावर ही बेरीज कुठून आली ते कळते. विरोधकाची बाजू समजते म्हणून त्याला आपल्यात घेता येते. राज्याच्या आरंभी अनेक घरांतल्या, अनेक पक्षांतल्या माणसांना त्यांनी जवळ केले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना साहित्य-संस्कृती मंडळाचे अध्यक्ष केले, ते याच गुणामुळे. पण याच गुणाची दुसरी बाजूही आहे. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले असता त्यांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना मोठे मानले, आणि मराठी माणसाने त्याबद्दल त्यांना बोल लावला. गोळीबारात माणसे मेली त्या दिवसांत मंत्रिमंडळातला हा तरुण मंत्री रात्री घरी येऊन काय विचार करीत असेल? तो भाग दुसऱ्या खंडात आला असता.

आणखी एक सकाळ मला त्यांच्या हातून वाचायची होती, 26 जून 1975 ची. आदल्या दिवशी बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय दिल्लीत होते. देशबंधू चित्तरंजन दासांचे हे नातू. बॅरिस्टर, आधी बंगालमध्ये आणि पुढे केंद्रातही मंत्री राहिलेले. अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारता येते, हे घटनेतले कलम पंतप्रधानांपुढे ठेवणारे कायदेपंडित ते होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्रिमंडळ बसले. निर्णय आधीच झालेला होता. त्या बैठकीत स्वर्णसिंगांनी तेवढा एखादा प्रश्न विचारला असे लिहिले गेले आहे. परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण तिथे होते, आणि त्यांनी विरोध केल्याचे कुठे वाचायला मिळत नाही. एका वकिलाने कलम शोधून दिले, दुसरा वकील गप्प राहिला. कऱ्हाडच्या चौकीवर माफीचा शब्द नाकारणाऱ्या आईची आठवण त्या सकाळी मुलाला झाली असेल का? मी हा प्रश्न दूषण देण्यासाठी विचारीत नाही. ज्या लेखकाने पहिल्या खंडात एवढा प्रामाणिकपणा दाखवला, त्याच्याकडूनच हे उत्तर ऐकण्याचा आपल्याला हक्क होता.

काकासाहेब गाडगीळ हेही पुण्याचे वकील, 1947 ते 1952 दिल्लीत मंत्री. त्यांनी 'पथिक' लिहून आपली बाजू मांडून ठेवली. यशवंतरावांच्या वाट्याला तेवढा अवकाश आला नाही. मात्र मी ज्या भागात राहते तिथे मला कधी कधी वाटते, की त्यांचा दुसरा खंड अगदीच अलिखित नाही. तो कागदावर नाही इतकेच.

पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना यशवंतराव मुख्यमंत्री होण्याआधीच उभा राहिला होता, तेव्हा त्याचे श्रेय त्यांना देण्याचे कारण नाही. पण औद्योगिक विकासाचा कायदा 1961 साली झाला आणि 1 ऑगस्ट 1962 रोजी औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ते त्यांच्या कारकिर्दीत. शेतकऱ्याची जमीन घ्यायची, तिथे रस्ते, पाणी, वीज आणायची आणि कारखानदाराला आखलेला भूखंड द्यायचा, ही ती योजना. मुंबईतली गर्दी बाहेर काढावी, उद्योग राज्यभर पसरावेत, हा तिच्यामागचा विचार. पाहता पाहता पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची माळराने भोंग्यांनी भरली. 1970 साली या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. 1990 नंतर हीच लाट इंद्रायणी ओलांडून चाकणला गेली. कांद्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेल्या भुईकोटासाठी ज्याचे नाव घेत, ते चाकण आता मोटारींसाठी ओळखले जाते.

त्या 1961 च्या कायद्यात एक तरतूद आहे. जमीन घेण्यापूर्वी मालकाला नोटीस द्यायची, आणि ती का घेऊ नये याचे कारण दाखवण्यास सांगायचे. दुसऱ्याची बाजू ऐकण्याची ती 'कृष्णाकाठ'मधली सवयच जणू कायद्यात उतरली आहे, असे मला ती वाचताना वाटले. पण बाजू ऐकणे आणि बाजू मान्य करणे यांत किती अंतर असते, हे ज्याच्या दारात नोटीस येते त्यालाच कळते.

माझे माहेर चाकणजवळचे. आमचे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, त्यांची चार एकर जिराईत अशीच गेली. कुणासाठी गेली, कोणत्या कागदाने गेली, हे सांगून आता उपयोग नाही. मोबदला मिळाला, वाढीव मोबदल्याचा दावाही वर्षानुवर्षे चालला. कापडी पिशवीत सातबाऱ्याचे उतारे घालून तात्या तारखेला जात. एकदा मी त्यांना विचारले, "तात्या, तुम्ही काय कारण दाखवलंत?" ते म्हणाले, "पोरी, मी सांगितलं, ही माझी जमीन आहे म्हणून. वकीलसाहेब म्हणाले, हे कारण होत नाही."

तात्यांचे हे उत्तर आठवले की मला पुस्तकातले बळवंतराव दिसतात, कुणाच्या तरी दारात हुकूम घेऊन उभे राहिलेले. त्यांच्या मुलाला ही दारातली बाजू ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? ठाऊक असूनही त्याने तो कायदा केला, आणि म्हणूनच त्याचे मन मला वाचायचे होते. अज्ञानी माणसाच्या निर्णयात वाचण्यासारखे काही नसते. जाणणाऱ्याने तो घेतला तर त्यात एक कादंबरी असते.

परंतु ज्या पुस्तकाने दुसऱ्याची बाजू ऐकायला शिकवले, त्याच्याविषयी लिहिताना मीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. माझ्या शाळेतली निम्मी मुले लातूर, धाराशिव, बीड, बुलढाण्याकडची आहेत; काही बिहारमधून आलेली, आणि वर्षभरात माझ्यापेक्षा झणझणीत मराठी बोलू लागलेली. त्यांच्या घरातली चूल कारखान्यांवर पेटते. तात्यांच्या शेतात फार तर एका कुटुंबाची बाजरी होत होती. त्याच जागेवर आज शेकडो माणसे डबा उघडतात. माझी शाळा आणि माझा पगारही त्यांतच आले. शिवाय मुख्यमंत्री असताना याच माणसाने वर्षाला 1200 रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्या घरांतल्या मुलांना फी माफ केली. त्या सवलतीने शिकून किती घरे वर आली, ते तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या आजोबांकडून ऐकले असेल. चार एकरांच्या पलीकडे हेही आहे, आणि ते तराजूत घातल्यावाचून मला तात्यांच्या बाजूने निकाल देता येत नाही. विरुद्ध बाजूनेही देता येत नाही. बहुधा यशवंतरावांचीही हीच गत झाली असेल.

शेवटी एक शाळेतली हकीकत. 'कृष्णाकाठ'मध्ये एक गोड आठवण आहे. गुरुजींनी वर्गात विचारले, तुम्ही मोठेपणी कोण होणार? मुलांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली. यशवंताने मात्र आपलेच नाव लिहिले. मी मीच होणार, असा त्याचा भाव. गेल्या वर्षी मी ही गोष्ट सातवीच्या वर्गाला सांगितली आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. कुणी पोलीस, कुणी क्रिकेटवाला, कुणी डॉक्टर. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, मी परमनंट होणार."

वर्ग हसला नाही. सर्वांना अर्थ कळला होता. त्याचा बाप अकरा वर्षे ठेकेदाराकडे कामाला आहे. दर काही महिन्यांनी कागद बदलतो, काम तेच राहते. त्या पोराला स्वतःचे नाव मोठे करायचे नव्हते, ते कारखान्याच्या हजेरीपटावर कायम राहावे एवढेच हवे होते. मी त्याला शाबास म्हटले आणि फळ्याकडे वळले, कारण माझा चेहरा त्याने पाहू नये असे वाटले.

बेलिफाच्या मुलाला 'मी मीच होणार' असे म्हणण्याची हिंमत झाली, त्यामागे आई होती, शाळा होती, आणि सारा देश जागा होत असल्याची जाण होती. त्याने उभारलेल्या राज्यात ठेकेदाराच्या मजुराच्या मुलाला तेवढी हिंमत का होऊ नये, हा प्रश्न मी 'कृष्णाकाठ'ला विचारते. पुस्तक त्याचे उत्तर देत नाही. ते 1946 च्या प्रवासापाशी थांबलेले आहे. पण प्रश्न विचारायला मला त्यानेच शिकवले, म्हणून उणिवा दिसूनही ते माझ्या कपाटात हाताशी असते.

दिवाळीच्या सुटीत फराळाचे झाल्यावर घरात कुणाकडे हे पुस्तक असेल तर काढा. मुलांना आईचा तो चौकीवरचा प्रसंग वाचून दाखवा. आणि ज्यांच्या घरी एखादा जुना सातबारा जपून ठेवलेला असेल, त्यांनी तोही त्याच दिवशी बाहेर काढावा, आणि त्यावरची नावे मुलांना वाचायला द्यावीत.